थ्रेड : 'पेत्रोपाव्लोव्स्क', दोन मिनिटांत बुडालेली ध्वजनौका

१३ एप्रिल १९०४. सकाळचे पावणेदहा वाजत आले होते. चीनमधील लिआओदोंग द्वीपकल्पाच्या टोकाशी असलेल्या पोर्ट आर्थर बंदरासमोर अकरा हजार टनांची एक रशियन युद्धनौका आपल्याच किनारी तोफांच्या छायेत, सुरक्षित म्हणवल्या जाणाऱ्या पाण्यात आली होती. अचानक तिच्या नाळेखाली स्फोट झाला. पाठोपाठ दुसरा, त्याहून मोठा. पुढचा भाग पाण्यात गेला, मागचा आभाळाकडे उचलला गेला आणि हवेत अजून फिरत असलेले पंखे किनाऱ्यावरच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले. सुमारे दोन मिनिटांत सारे संपले.

नौकेचे नाव 'पेत्रोपाव्लोव्स्क'. तिच्यावर रशियाच्या पॅसिफिक ताफ्याचा सेनापती होता, झारचा चुलतभाऊ होता आणि त्या काळातला जगातील सर्वांत प्रसिद्ध युद्धचित्रकारही होता. हा विनाश ज्या सुरुंगांमुळे झाला, ते पेरले जात असताना आदल्या रात्री रशियनांनी शत्रूच्या नौकांच्या आकृत्या पाहिल्या होत्या. खुद्द सेनापतीने पाहिल्या होत्या. या थ्रेडचा विषय तोच आहे : दिसलेले संकट दुसऱ्या दिवशी सकाळी विसरले कसे गेले?

आधी नौकेविषयी. १९०६ मध्ये ब्रिटनने 'ड्रेडनॉट' ही युद्धनौका बांधली आणि तिच्यापूर्वीच्या सगळ्या युद्धनौका एका फटक्यात जुन्या ठरल्या. त्या जुन्या पिढीला इतिहासकार 'पूर्व-ड्रेडनॉट' म्हणतात. या पिढीची ओळख म्हणजे संमिश्र तोफा. चार अवजड तोफा, त्यांच्या जोडीला मध्यम तोफांची रांग आणि लहान तोफांचा भरणा. 'पेत्रोपाव्लोव्स्क' अगदी याच साच्यातली. पुढे-मागे दोन फिरत्या मनोऱ्यांत १२ इंची चार तोफा, शिवाय ६ इंची बारा तोफा, वेग सुमारे १६ नॉट, कोळशावर चालणारी इंजिने. पाण्याच्या रेषेलगत पोलादी चिलखताचा पट्टा होता, तो सर्वांत जाड जागी सुमारे ४० सेंटीमीटर. तोफगोळा जिथे लागेल असे वाटे, तिथे ती भक्कम होती. तिच्या तळाला मात्र असे चिलखत नव्हते. तेव्हाच्या कोणत्याच युद्धनौकेच्या तळाला ते नसे.

सेंट पीटर्सबर्गच्या गोदीत १८९२ मध्ये तिची बांधणी सुरू झाली, १८९४ मध्ये ती पाण्यात उतरली आणि सेवेत यायला १८९९ उजाडले. 'पोल्तावा' आणि 'सेवास्तोपोल' या तिच्या दोन भगिनी. तिचे नाव कामचात्कामधील पेत्रोपाव्लोव्स्क शहरावरून आलेले. क्रिमियन युद्धात, १८५४ मध्ये, तिथल्या रशियन शिबंदीने ब्रिटिश-फ्रेंच आरमाराचा हल्ला परतवून लावला होता. ऑक्टोबर १८९९ मध्ये बाल्टिक समुद्रातले क्रोनश्टाट सोडून निघालेली ही नौका मे १९०० मध्ये पोर्ट आर्थरला पोहोचली आणि पुढे पॅसिफिक ताफ्याची ध्वजनौका झाली, म्हणजे सेनापतीचा ध्वज तिच्यावर फडकू लागला. त्याच वर्षी चीनमधील बॉक्सर बंड मोडून काढण्यातही तिने भाग घेतला.

पोर्ट आर्थर हे नाव इंग्रजांनी दिलेले. चिनी लोक त्या गावाला ल्यूशुन म्हणतात. १८९५ मध्ये चीनला हरवून जपानने हा प्रदेश मिळवला, तेव्हा रशिया, जर्मनी आणि फ्रान्स यांनी दडपण आणून त्याला तो सोडायला लावला. तीनच वर्षांनी, १८९८ मध्ये, रशियाने तोच प्रदेश चीनकडून भाडेपट्ट्याने घेतला! जपानी मनात ही गोष्ट किती खोल रुतली असेल, हे वेगळे सांगायला नको. रशियाच्या दृष्टीने हे बंदर म्हणजे हिवाळ्यात न गोठणारा समुद्र. पण त्यात एक मोठी खोट होती. आतल्या बंदराचे तोंड चिंचोळे आणि उथळ. अवजड युद्धनौकांना भरतीखेरीज आत-बाहेर करता येत नसे. म्हणून ताफा बहुधा बाहेरच्या खुल्या नांगरतळावरच उभा असे.

८ फेब्रुवारी १९०४ च्या रात्री जपानी विनाशिकांनी याच उभ्या ताफ्यावर पाणतीर सोडले. तोवर युद्ध जाहीर झालेले नव्हते. 'त्सेसारेविच', 'रेत्विझान' या युद्धनौका आणि 'पाल्लादा' ही क्रूझर जखमी झाली. त्या रात्री ॲडमिरल स्टार्क यांच्या पत्नीच्या नामदिनानिमित्त मेजवानी चालू होती आणि सारे अधिकारी नाचात दंग होते, ही कथा आजही मोठ्या चवीने सांगितली जाते. तिला भक्कम पुरावा नाही. स्टार्क स्वतः 'पेत्रोपाव्लोव्स्क'वरच होते. बेसावधपणा खरा होता, पण तो मेजवानीचा नव्हता. पहिला घाव जपान असा घालील, ही कल्पनाच वरिष्ठांच्या गळी उतरलेली नव्हती.

एका माणसाच्या गळी ती उतरली होती. क्रोनश्टाटचा गव्हर्नर, व्हाइस ॲडमिरल स्तेपान ओसिपोविच मकारोव्ह. त्याच ८ फेब्रुवारीला त्याने राजधानीत नौदल खात्याच्या प्रमुखाला पत्र लिहिले. त्याचा आशय असा : नौका बाहेर उभ्या ठेवल्या, तर शत्रू रात्री हल्ला करील आणि जबर किंमत मोजल्यावर आपण त्यांना आत घेऊ. पत्राची शाई वाळते न वाळते तोच ते खरे ठरले.

मकारोव्ह हा सरदार घराण्यातला नव्हे. जन्म १८४९ चा, काळ्या समुद्राजवळच्या निकोलायेव्ह शहरातला. वडील खालच्या पायरीवरून चढत अधिकारी झालेले. झारच्या आरमारात अशा मुलाने ॲडमिरल होणे ही असामान्य गोष्ट होती. १८६९ मध्ये 'रुसाल्का' ही चिलखती नौका फिनलंडच्या किनाऱ्यालगत खडकावर आदळून बुडता बुडता वाचली, तेव्हा तो विशीतला तरुण अधिकारी तिच्यावर होता. तळाला पडलेले एक भोक एवढी मोठी नौका का बुडवू शकते, या प्रश्नाने त्याला पछाडले. त्यावर त्याने लेख लिहिला. भोकावर बाहेरून अंथरायची जाड चटई, पाणी उपसण्याची व्यवस्था, कप्प्याकप्प्यांची रचना अशा सूचना त्याने केल्या. 'नौका बुडू नये कशी' हा त्याचा आयुष्यभराचा अभ्यास होऊन बसला.

शत्रूची नौका पाण्याखालून बुडवावी कशी, हेही त्याला तितकेच ठाऊक होते. १८७७-७८ च्या तुर्की युद्धात एका व्यापारी आगबोटीवरून पाणतीर वाहणाऱ्या लहान बोटी नेऊन रात्री हल्ला करण्याचे तंत्र त्याने घडवले. जानेवारी १८७८ मध्ये बातुम बंदरात त्याच्या बोटींनी स्वयंचलित पाणतिरांनी एक तुर्की नौका बुडवली. या अस्त्राचे हे पहिलेच यश मानले जाते. पुढे त्याने बॉस्फरसमधील एकावर एक उलट वाहणाऱ्या दोन प्रवाहांचा अभ्यास केला, 'वित्याझ' नौकेवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून पॅसिफिक महासागरावर ग्रंथ लिहिला आणि 'येर्माक' ही बर्फ फोडणारी प्रचंड नौका उभी केली. नौयुद्धतंत्रावरच्या त्याच्या पुस्तकाचे जपानीत भाषांतर झाले होते. जपानी सेनापती तोगो यांनी ते वाचले होते, असे सांगतात. पाण्याखालच्या स्फोटांविषयी मकारोव्हहून अधिक जाणणारे सेनापती त्या काळी जगात फार थोडे असतील. पुढची हकीकत वाचताना हे ध्यानात ठेवावे.

८ मार्चला मकारोव्ह पोर्ट आर्थरला पोहोचला. दोनच दिवसांनी 'स्तेरेगुश्ची' ही विनाशिका जपान्यांच्या वेढ्यात सापडल्याचे कळले, तेव्हा सेनापतीने स्वतः 'नोविक' या हलक्या क्रूझरवर आपला ध्वज चढवला आणि तिच्या मदतीला धाव घेतली. विनाशिका वाचली नाही. परंतु सेनापती एवढ्याशा नौकेतून शत्रूवर चालून गेला, ही वार्ता त्या दिवशी प्रत्येक खलाशापर्यंत गेली. पूर्वी सबंध ताफा एका भरतीत बाहेर पडत नसे; मकारोव्हने तो बाहेर काढून दाखवला. दुरुस्त्या, सराव, गस्त यांचा धडाका सुरू झाला. जुन्या आगबोटी बुडवून बंदराचे तोंड बंद करण्याचे जपानी प्रयत्न फसत होते आणि जपानी नौका दिसल्या की रशियन ताफा आता खुशाल बाहेर येऊ लागला होता.

यातच एक धोका दडलेला होता. ताफा बाहेर येई आणि किनारी तोफांच्या टप्प्यात राहून ठरावीक पट्ट्यात ये-जा करी. दूर उभे असलेले जपानी हे दररोज टिपून घेत होते. शत्रू नेमका कोणत्या पाण्यातून जातो, हे कळल्यावर तोफांची गरज उरत नाही.

पाणसुरुंग ही तशी साधी वस्तू आहे. स्फोटके भरलेली लोखंडी कोठी साखळीने वा दोराने तळाशी बांधायची आणि ती पृष्ठभागाखाली काही हात तरंगत राहील अशी सोडायची. नौका आदळली की स्फोट. त्या काळी एका युद्धनौकेला लाखो रूबल लागत. सुरुंगाचा खर्च त्यापुढे किरकोळ. जपानी आरमारात सुरुंगांचे तज्ज्ञ ओदा नावाचे अधिकारी होते. १२ एप्रिलच्या रात्री त्यांच्या देखरेखीखाली 'कोर्यू मारू' ही नौका विनाशिकांच्या सोबतीने पोर्ट आर्थरपुढे आली आणि तिने त्या ठरावीक पट्ट्यात ४८ सुरुंग सोडले.

ती रात्र पावसाळी, धूसर होती. मकारोव्ह पहाऱ्यावरच्या 'दियाना' या क्रूझरवर मुक्कामाला होता. सर्चलाइटच्या झोतात दूरवर काही आकृत्या हलताना दिसल्या. गोळीबाराची परवानगी मागितली गेली. अडचण अशी की, त्याच रात्री मकारोव्हनेच आपल्या विनाशिका टेहळणीला पाठवल्या होत्या आणि त्यांपैकी काही वाट चुकून मागे राहिलेल्या असण्याचा संभव होता. आपल्याच माणसांवर तोफा डागण्यापेक्षा ती जागा नीट टिपून ठेवावी आणि सकाळी तिथले पाणी तपासावे, असा निर्णय त्याने दिला. 'दियाना'वरच असलेल्या व्लादिमिर सेम्योनोव्ह या अधिकाऱ्याने हा प्रसंग पुढे आपल्या आठवणींत नोंदवला. निर्णय चुकीचा नव्हता. हाताशी असलेल्या माहितीवर कोणीही शहाणा सेनापती बहुधा तेच करता. चूक सकाळी झाली.

टेहळणीला गेलेली 'स्त्राश्नी' ही विनाशिका अंधारात सोबत्यांपासून खरोखरच तुटली होती. काही नौकांचे दिवे दिसले, त्या आपल्याच समजून ती त्यांच्यामागे चालू लागली. उजाडले तेव्हा कळले की, रात्रभर आपण जपानी विनाशिकांच्या रांगेत चाललो होतो. थोड्याच वेळात तिची चाळण झाली. मदतीला धावलेल्या 'बायान' क्रूझरने गोळ्यांच्या माऱ्यात जेमतेम पाच माणसे पाण्यातून काढली. ही बातमी कळताच मकारोव्ह 'पेत्रोपाव्लोव्स्क'वरून बाहेर पडला. रात्री टिपून ठेवलेली जागा, सुरुंग वेचण्याचा बेत, सगळे त्या घाईत राहून गेले. बुडणाऱ्या सोबत्यांना सोडायचे नाही, हा महिनाभर त्यानेच ताफ्याला घालून दिलेला धडा होता. तोच त्या सकाळी त्याला बाहेर घेऊन गेला.

जपानी क्रूझर मागे हटू लागल्या. मकारोव्हने पाठलाग केला. मग क्षितिजावर तोगोंच्या युद्धनौका दिसल्या. क्रूझर हे आमिष होते. मकारोव्हने ते ओळखले आणि शिस्तीत मागे फिरून ताफा किनारी तोफांच्या आश्रयाला आणला. जपान्यांचा मुख्य डाव फसला. पण मागे फिरण्याची वाट त्याच ठरावीक पट्ट्यातून जात होती. जाताना त्या पाण्याने काही केले नव्हते.

पुढच्या भागात सुरुंग फुटला आणि त्याने दारूगोळ्याच्या कोठाराला पेटवले. मग बॉयलर फुटले. तळाखालून आलेल्या घावापुढे चिलखताचा तो जाड पट्टा निरुपयोगी होता. चटया, पंप, कप्पे यांना वेळच मिळाला नाही. साडेसहाशेंहून अधिक माणसे बुडाली, सुमारे ऐंशी वाचली. मकारोव्ह गेला, त्याचा चीफ ऑफ स्टाफ मोलास गेला. कप्तान याकोव्लेव्ह जखमी अवस्थेत वाचला. झारचा चुलतभाऊ ग्रँड ड्यूक किरील पाण्यातून जिवंत निघाला. क्रांतीनंतर, १९२४ मध्ये, परदेशात बसून त्याने स्वतःला रशियाचा सम्राट घोषित केले. सेनापतीचा फक्त ओव्हरकोट सापडला. थोड्या वेळाने 'पोबेदा' ही दुसरी युद्धनौकाही सुरुंगावर आदळली, पण ती कशीबशी बंदरात पोहोचली. भेदरलेले तोफची तेव्हा पाण्यातच तोफा डागत होते. जपानी पाणबुड्या आल्या आहेत, असा त्यांचा समज झाला होता. जपानकडे तेव्हा लढाईत उतरलेली एकही पाणबुडी नव्हती.

नौकेवरच्या चित्रकाराविषयी भारतीय वाचकाने थोडे थांबावे. वासिली वेरेश्चागिन (जन्म १८४२) स्वतः नौदल शाळेत पहिला आलेला विद्यार्थी. नोकरी सोडून कुंचल्याकडे वळला. वाळवंटातल्या कवट्यांच्या ढिगाचे त्याचे १८७१ चे चित्र प्रसिद्धच आहे. ते त्याने भूत, वर्तमान आणि भविष्यातील सर्व महान विजेत्यांना अर्पण केले होते. १८७४ मध्ये तो मुंबईत उतरला आणि पुढे दोनेक वर्षे आग्र्यापासून सिक्कीमपर्यंत हिंडला. प्रिन्स ऑफ वेल्सच्या जयपूरमधील मिरवणुकीचे त्याचे प्रचंड तैलचित्र आज कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये आहे. त्याचे दुसरे भारतीय चित्र मात्र ब्रिटिशांना झोंबणारे होते : तोफांच्या तोंडी बांधलेले बंडखोर. १८७२ मध्ये पंजाबातील मलेरकोटला येथे कूका शिखांना अशाच रीतीने मारण्यात आले होते. चित्रातला मध्यवर्ती वृद्ध शीखच दिसतो. मूळ चित्र हरवले आहे. छापील प्रतींमुळे ते आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत टिकून राहिले. युद्ध जवळून पाहिल्याशिवाय ते रंगवता येत नाही, असे मानणारा हा माणूस तुर्की युद्धात डॅन्यूब नदीवर पाणतीर-बोटीतून गेला आणि जखमी झाला होता. पोर्ट आर्थरलाही तो त्याच कारणाने आला. वय एकसष्ट.

जपानने शत्रूच्या सेनापतीविषयी आदर दाखवला. इशिकावा ताकुबोकु या अठरा वर्षांच्या कवीने मकारोव्हवर शोककविता लिहिली. चालू युद्धात शत्रूच्या ॲडमिरलवर अशी रचना व्हावी, हे क्वचितच घडते.

मकारोव्ह जगता तर रशिया जिंकला असता का? हा प्रश्न रशियन लेखनात पुन्हा पुन्हा येतो आणि उत्तर बहुधा 'होय' असे सुचवले जाते. ते पटण्याजोगे नाही. पोर्ट आर्थरला युद्धनौका मावेल एवढी कोरडी गोदी नव्हती, एकेरी रेल्वेमार्ग सैबेरिया ओलांडून येत होता आणि वेढा जमिनीकडूनही पडणार होता. ३६ दिवसांच्या सेनापतीपदावर एवढा भार टाकणे हे इतिहासापेक्षा शोकाला साजेसे आहे. पण बाहेर पडण्याची सवय त्याच्याबरोबर बुडाली, हे खरे. त्याच्या जागी नेमलेला ॲडमिरल स्क्रीद्लोव्ह पोर्ट आर्थरला पोहोचूच शकला नाही. ताफ्याची सूत्रे व्हितगेफ्तकडे आली आणि त्याच्या हाताखाली युद्धनौका बहुतेक काळ बंदरातच राहिल्या. १० ऑगस्टला व्लादिवोस्तोक गाठण्याच्या प्रयत्नात तोही 'त्सेसारेविच'वर तोफगोळ्याने मारला गेला. २ जानेवारी १९०५ रोजी पोर्ट आर्थर शरण गेले. 'पोल्तावा' बंदरात बुडाली, जपानने ती वर काढून आपल्या ताफ्यात घेतली आणि १९१६ मध्ये रशियालाच परत विकली. 'सेवास्तोपोल' तिच्या कप्तानाने शत्रूच्या हाती लागू नये म्हणून खोल पाण्यात बुडवली.

एक हिशेब मात्र लवकर चुकता झाला. जपानी युद्धनौकाही पोर्ट आर्थरपुढे रोज एकाच मार्गाने गस्त घालत. 'आमुर' या रशियन नौकेचा कप्तान इवानोव्ह याने ते हेरले आणि १४ मे रोजी धुक्याच्या आडोशाने तिथे सुरुंग पेरले. दुसऱ्याच दिवशी 'हात्सुसे' आणि 'याशिमा' बुडाल्या. जपानकडे अशा पहिल्या प्रतीच्या युद्धनौका सहाच होत्या. त्यांतल्या दोन एका दिवसात गेल्या. ज्या चुकीचा फायदा त्यांनी महिन्यापूर्वी उठवला, तीच त्यांनी केली. 'याशिमा'ची बातमी जपानने वर्षभराहून अधिक काळ दडवून ठेवली.

युद्ध संपले तरी सुरुंग संपले नाहीत. दोर तुटून ते त्या समुद्रात भटकत राहिले. १९०७ मध्ये हेग येथे भरलेल्या शांतता परिषदेत पाणसुरुंगांवर स्वतंत्र करार झाला. नांगर न टाकलेला सुरुंग, ताबा सुटल्यावर फार तर तासाभरात निरुपद्रवी होणार नसेल, तर वापरू नये, आणि नांगरलेला सुरुंग दोर तुटताच निकामी झाला पाहिजे, असे त्यात ठरले. त्या परिषदेत चीनच्या प्रतिनिधीने सभागृहाला एक माहिती दिली. रशिया आणि जपान यांचे हे युद्ध चीनच्या भूमीवर आणि चीनच्या पाण्यात झाले; त्यात चीन कोणाच्याही बाजूने नव्हता. तरीही त्यांनी मागे सोडलेल्या सुरुंगांवर आदळून शेकडो चिनी मच्छीमार आणि किनारी गलबतांवरचे खलाशी मरण पावले होते.